उसनी प्रतिकारशक्ती : केव्हा उपयोगी, केव्हा व्यर्थ?

गेल्या महिन्यातली गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस होता. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अशात आमच्याच आळीतला एक तरुण आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन नंबर न लावता थेट आत आला. मुलाच्या गालाला कुत्रा चावला होता, रक्त येत होते आणि आजीने घाईघाईत जखमेत हळद व तिखट भरले होते. मूल किंचाळत होते. मी बाकीचे काम बाजूला ठेवून त्याला नळाखाली धरले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने जखम धुऊन काढली. वाचकांनी हे एक लक्षात ठेवावे. कुत्रा चावल्यावर पहिला उपचार आपल्या मोरीतला नळ हाच आहे. तिखट, चुना, तंबाखू यांचे तेथे काही काम नाही.

लसीचा पहिला डोस माझ्याकडे होता, तो दंडात दिला. टाके घातले नाहीत. मग रेबीजच्या सीरमसाठी जिल्हा रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी लिहायला घेतली.

"काका, लस दिली ना? मग आता हे सीरम कशाला?" त्याने विचारले.

"लस म्हणजे बियाणं. त्याचं पीक यायला वेळ लागतो. सीरम म्हणजे तयार अँटिबॉडी. तोवर तेवढंच राखण करतं."

अँटिबॉडी हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे प्लाझ्मासारखंच? मग नको. एकदा फसलो तेवढं पुरे."

या नकारामागची हकीकत मला ठाऊक होती आणि तिच्यात माझाही वाटा होता. ती सांगितल्याशिवाय आजचा विषय नीट कळणार नाही.

या तरुणाचे वडील प्राथमिक शाळेतले गुरुजी. रोज संध्याकाळी पत्त्यांच्या डावात माझे भिडू. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांना कोरोना झाला. पाचव्या दिवशी तपासणीचा अहवाल आला, सहाव्या दिवशी ऑक्सिजन कमी पडू लागला म्हणून एका खासगी रुग्णालयात दाखल केले. बाराव्या दिवशी तेथून निरोप आला, 'प्लाझ्मा मिळतो का बघा.' मुलाने मला फोन केला. मी दहा ठिकाणी फोन फिरवले, दोन महिन्यांपूर्वी बऱ्या झालेल्या त्याच रक्तगटाच्या माणसाला रक्तपेढीत पाठवले आणि मुलगा रात्री पोलिसांचा पास घेऊन शेजारच्या जिल्ह्यातून बर्फाच्या पेटीत दोन पिशव्या घेऊन आला. तेराव्या दिवशी त्या चढवल्या. सोळाव्या दिवशी गुरुजी गेले.

दिवस झाल्यावर मुलाने मला बाजूला घेऊन विचारले होते, "काका, प्लाझ्मा दोन दिवस आधी मिळाला असता तर बाबा वाचले असते का?" मी म्हणालो, "बाळा, ते देवाच्या हातात असतं." आणि चप्पल घालून बाहेर पडलो.

हे उत्तर खोटे नसेल, पण डॉक्टरचे नव्हते. आपल्याच देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ कोरोना रुग्णांवर झालेली चाचणी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे गुरुजी आजारी पडण्याच्या सहा महिने आधी प्रसिद्ध झाली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ती केली होती. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी शंभरात १९ जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले आणि न दिलेल्यांपैकी शंभरात १८. म्हणजे काही फरक नाही. मी साधा एम.बी.बी.एस. असलो तरी हे मला वाचता येत होते. पण त्या दिवसांत घरचे लोक हात जोडून उभे असताना 'याचा उपयोग नाही' म्हणण्याचे धाडस थोड्यांनाच झाले. मला झाले नाही.

पुढे इंग्लंडमध्ये साडेअकरा हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. प्लाझ्मा दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत शंभरात २४ दगावले. १७ मे २०२१ रोजी आपल्याकडे सरकारी उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळण्यात आला. ती बातमी या तरुणाने वाचली, आणि 'तयार अँटिबॉडी' म्हणजे फसवणूक अशी गाठ त्याच्या मनात पक्की बसली.

आता मुद्द्याकडे येतो.

अँटिबॉडीला मराठीत प्रतिपिंड म्हणतात. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्या मापाची प्रतिपिंडे घडवते. ती विषाणूला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. पण नव्या विषाणूसाठी ती घडवायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या मधल्या काळात दुसऱ्याच्या शरीरात किंवा कारखान्यात बनलेली प्रतिपिंडे उसनी आणून देता येतात. यालाच उसनी प्रतिकारशक्ती म्हणायचे.

गाई-म्हशी पाळणाऱ्यांना हे माझ्याहून चांगले माहीत आहे. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. ती त्याला आईच्या चिकातून मिळतात. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तर वासरू तरते. दिवस उलटल्यावर बादलीभर चीक पाजला तरी ती प्रतिपिंडे आतड्यातून रक्तात जात नाहीत, कारण ती वाट तोपर्यंत बंद झालेली असते. (खरवस आपण आवडीने खातो, पण आधी वासराचे पोट भरू द्यावे.) माणसाच्या बाळाला ही शिदोरी बरीचशी गर्भातच नाळेतून मिळते. पण उसन्या प्रतिपिंडांना वेळ पाळावी लागते हा चिकाचा नियम माणसाच्या औषधांनाही जशाच्या तसा लागू आहे.

ही विद्या जुनी आहे. १८९० साली एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले की, रोगाला तोंड दिलेल्या जनावराच्या रक्तातला पातळ भाग दुसऱ्या जनावराला दिला तर त्यालाही संरक्षण मिळते. घटसर्पावरील या उपचारासाठी बेरिंग यांना १९०१ चे, म्हणजे वैद्यकशास्त्रातले पहिलेच नोबेल मिळाले. आपल्याकडे साप चावल्यावर देतात ते औषधही याच घराण्यातले. तेही घोड्याच्या रक्तापासून करतात. फरक इतकाच की तेथे शत्रू विषाणू नसून विष असते.

विषाणूच्या आजारात शिरेतून प्रतिपिंडे देऊन माणसे वाचल्याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण अर्जेंटिनाचे आहे. तेथील शेतीच्या भागात उंदरांमुळे पसरणारा एक रक्तस्रावी ताप आहे. जुनिन नावाच्या विषाणूमुळे तो होतो. मक्याच्या काढणीला जाणारे मजूर त्याला बळी पडत. हुलिओ मैझतेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तापातून बऱ्या झालेल्या माणसांचा प्लाझ्मा काही रुग्णांना दिला आणि इतरांना साधा प्लाझ्मा दिला. कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते. १९७९ मध्ये निष्कर्ष आले. साधा प्लाझ्मा मिळालेल्यांत शंभरात सोळा-सतरा दगावले, बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा मिळालेल्यांत शंभरात एक! अट एकच होती. ताप आल्यापासून आठ दिवसांच्या आत द्यायचा.

मग तोच प्लाझ्मा कोरोनात का फसला? गुरुजींचेच बघा. बाराव्या-तेराव्या दिवशी त्यांच्या शरीराने स्वतःची प्रतिपिंडे बहुधा तयार केलेली होती. त्यांचा जीव घेत होती ती फुप्फुसांची सूज. विषाणूचे काम तोपर्यंत बरेचसे उरकले होते. पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याची बैलजोडी मिळाली तर उपयोग. पीक आडवे झाल्यावर दहा जोड्या आणून बांधावर उभ्या केल्या तरी काय होणार? शिवाय दात्याच्या प्लाझ्मात प्रतिपिंडे किती आहेत हे त्या धावपळीत कोणी मोजतही नव्हते.

पुढे या विषाणूवर कारखान्यात बनवलेली निवडक प्रतिपिंडे आली. त्यांना मोनोक्लोनल म्हणतात. एकाच साच्यातून काढलेली, सगळी एकसारखी. दोन प्रतिपिंडांचे 'कॉकटेल' आपल्याकडे मे २०२१ मध्ये मिळू लागले. एका रुग्णाच्या मात्रेला ५९,७५० रुपये पडत. इंग्लंडच्या चाचणीत त्याचा निकाल मोठा बोलका लागला. ज्यांच्या रक्तात स्वतःची प्रतिपिंडे अजून तयार नव्हती अशा दाखल रुग्णांत मृत्यू शंभरात ३० वरून २४ वर आले. ज्यांची तयार होती, त्यांना काही फायदा झाला नाही. पुढे २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला, विषाणूने रूप पालटले आणि हे महागडे कॉकटेल त्याला ओळखेनासे झाले.

इबोलाचा विषाणू इतक्या झपाट्याने रूप बदलून सटकला नाही, म्हणून तेथे हा उपचार टिकला. १९९५ मध्ये काँगोतील किक्विट गावी इबोलाची साथ आली होती. तीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून, साथीनंतर दहा वर्षे उलटल्यावर, एक प्रतिपिंड वेगळे काढून त्याचे औषध केले. २०१८-१९ च्या साथीत काँगोतच चाचणी झाली. हे औषध आणि त्याच्या जोडीचे तीन प्रतिपिंडांचे दुसरे औषध शिरेतून एकदाच देऊन मृत्यू शंभरात ३५ च्या आसपास आले. जुन्या औषधाने ते ५० होते. जे लवकर आले, ज्यांच्या रक्तात विषाणू अजून कमी होता, त्यांच्यात शंभरात दहा-अकराच दगावले. वाचकांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. लवकर येण्याचा गुण औषधाच्या गुणाएवढाच मोठा ठरला.

येथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे भाग आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा 'इम्युनोग्लोब्युलिन' हा शब्द घरोघरी पोचला. त्या आजारात जुलाबानंतर काही दिवसांनी पायांतले बळ जाते. रुग्णांना शिरेतून जे औषध देत होते तेही प्रतिपिंडांचेच, हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेले. साठ किलोच्या माणसाला दिवसाला २४ ग्रॅम, असे पाच दिवस. पण ते विषाणूला किंवा जंतूला मारायला देत नाहीत. शरीराने चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर सोडलेली प्रतिपिंडे शांत करायला देतात. तेव्हापासून माझ्याकडे तापाचा रुग्ण आला की सोबतचा माणूस विचारतो, "डॉक्टरसाहेब, ते पुण्यातलं अँटिबॉडीचं सलाईन लावता का?" आपल्या लोकांचा बाटलीवर फार विश्वास. गोळीने बरा होणारा ताप बाटली लावल्याशिवाय उतरलाच नाही असे मानणारे कितीतरी आहेत.

त्यांना स्पष्ट सांगतो. डेंग्यू, चिकुनगुन्या, साधा फ्लू, कावीळ यांच्या नेहमीच्या उपचारात असे सलाईन नाही. डेंग्यूत तर एका प्रकाराची जुनी प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला कधी कधी मदतच करतात. दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक गंभीर होऊ शकतो तो यामुळेच. आणि हे औषध म्हणजे मिठाचे पाणी नव्हे. थंडी वाजते, डोके दुखते, अंगावर पित्त उठते, क्वचित मूत्रपिंडावर ताण येतो, रक्ताची गुठळी होते. ते रुग्णालयातच, सावकाश, लक्ष ठेवून द्यायचे असते.

पण काही ठिकाणी उसन्या प्रतिपिंडांना पर्याय नाही आणि नेमके तेथेच आपले लोक कचरतात. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळ जन्मल्यापासून बारा तासांच्या आत त्याच्या एका मांडीत प्रतिपिंडांचे इंजेक्शन आणि दुसऱ्या मांडीत लस द्यावी लागते. म्हणून गरोदरपणातला रक्ताचा अहवाल बाळंतपणाला जाताना पिशवीत ठेवा. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आलेल्या, पूर्वी गोवर न झालेल्या आणि लसही न घेतलेल्या गरोदर बाईला सहा दिवसांच्या आत शिरेतून प्रतिपिंडे देता येतात.

आणि रेबीज. त्या तरुणाला मी बाकावर बसवले आणि बाहेरच्या गर्दीला थोडे थांबायला सांगितले.

"गुरुजींना प्लाझ्मा दिला तेव्हा आजाराचा तेरावा दिवस होता," मी म्हणालो. "तुझ्या मुलाला चावून दीड तास झालाय. विषाणू अजून गालाच्या मांसात आहे, मज्जातंतूत शिरला नाही. लसीची प्रतिपिंडे यायला आठवडा-दोन आठवडे लागतील. गालापासून मेंदू किती लांब आहे ते तूच बघ."

तो मुलाच्या गालाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गालात सुया टोचायच्या म्हणता. लहान आहे हो तो. निदान सलाईनमधून तरी द्या."

अनेकांना हा प्रश्न पडतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो. इबोलात किंवा जुनिनच्या तापात विषाणू रक्तात फिरत असतो, म्हणून प्रतिपिंडेही शिरेतून रक्तात सोडायची. रेबीजचा विषाणू रक्तातून जात नाही. तो जखमेत थांबतो आणि तेथून मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. एकदा मज्जातंतूत शिरला की प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. म्हणून सीरम जखमेच्या आत आणि भोवतीच भरावे लागते. दुखते, हे खरे. चोर परसदारी उभा असताना राखणदार वेशीवर बसवून चालत नाही. आजाराची लक्षणे सुरू झाल्यावर मात्र कितीही सीरम दिले तरी उपयोग होत नाही.

हे सीरम दोन प्रकारचे मिळते, माणसाच्या रक्तातले आणि घोड्याच्या रक्तातले. माणसाचे वजनाच्या दर किलोला २० युनिट, घोड्याचे ४०. शिवाय २०१७ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे मोनोक्लोनल प्रतिपिंडही बाजारात आहे. त्यात घोडा नाही आणि रक्तदाताही नाही. यातले जे मिळेल ते घ्यावे, आवडीनिवड करत बसू नये. पहिल्या दिवशीच घ्यावे हे उत्तम. तेव्हा मिळाले नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत चालते. त्यानंतर देत नाहीत, कारण तोपर्यंत लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागलेली असतात. याच कारणाने ज्यांनी पूर्वी रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स घेतला आहे त्यांना पुन्हा चावल्यास सीरम लागत नाही, लसीचे दोन डोस पुरतात. आणि सीरम घेतले म्हणून लस सोडायची नाही. उसने काही आठवड्यांत संपते.

तो गेला. जिल्हा रुग्णालयात त्याच दुपारी मुलाच्या गालात सीरम भरले. मुलाने मेडिकल ऑफिसरच्या हाताला चावा घेतला असे नंतर कळले. ते हसत होते, म्हणजे फार लागले नसावे.

पुढचे डोस माझ्याकडेच ठरले होते. तिसऱ्या दिवशीचा झाला. सातव्या दिवशी बापलेक आले तेव्हा दवाखाना रिकामा होता. जखम छान भरत होती. सुई टोचून झाली, मुलगा गोळी चघळत बाहेर गेला. तो मात्र उठेना.

"काका, तेव्हा विचारलं होतं तेच विचारतो. दोन दिवस आधी मिळाला असता तर?"

"नाही," मी म्हणालो. "फरक पडला नसता. हजारो माणसांवर बघितलंय. तू रात्रीचा गेलास ते त्यांच्या कामी आलं नाही, पण तुझ्या उशिरामुळे ते गेले नाहीत. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"आणि तिसऱ्या दिवशी दिला असता तर?"

हा प्रश्न अवघड होता. अर्जेंटिनातच १६० वृद्ध कोरोना रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून तीन दिवसांच्या आत प्लाझ्मा देऊन बघितला होता. साधे सलाईन दिलेल्यांत शंभरात ३१ जणांचा आजार गंभीर झाला, प्लाझ्मा दिलेल्यांत १६ जणांचा. मी त्याला ते सांगितले. "काहीजणांना झाला असता उपयोग. पण गुरुजींचा रिपोर्टच पाचव्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी ते साधी सर्दी म्हणून माझ्याकडे आले होते आणि मीच त्यांना गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं."

तो बराच वेळ गप्प बसला. मग उठून मुलाच्या चपला शोधू लागला.

"चौदाव्या दिवशी कधी आणू?"

"सकाळी नऊच्या आधी आण," मी म्हणालो. "नंतर गर्दी होते."